छोटी लाइन आणि मुलांची सहल



खापरखेड्याचे नाव निघाले की औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. 1340 मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र सावनेर तालुक्याचे भूषण आहे. परंतु येथील मुलांना आपल्या गावाचा इतिहास या चिमण्यांपासूनच सुरू होतो असे वाटू लागले, तर तो दोष मुलांचा नव्हे. त्यापूर्वीचे काही त्यांना कोणी दाखविलेलेच नसते.

वीजकेंद्र उभे राहण्याच्या कितीतरी आधी, 1913 च्या सुमारास, बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छिंदवाडा हा अरुंद मार्ग सुरू केला. खापरखेडा हे त्या मार्गावरील एक स्थानक होते. लोक त्यास ‘छोटी लाइन’ म्हणत. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. सातपुड्याच्या घाटात अरुंद गाडी लहान वळणे सहज घेई. त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागे व खर्चही आटोक्यात राही.

या परंपरेची ओळख करून देणारे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय नागपुरात मोतीबाग येथे आहे. अरुंद मार्गावरील गाड्यांची दुरुस्ती करणारा कारखाना याच परिसरात होता. 14 डिसेंबर 2002 रोजी हे संग्रहालय खुले झाले, तेव्हा छोटी गाडी खापरखेड्यावरून नित्य धावत होती. तेरा वर्षांनी, 2015 च्या अखेरीस, मार्ग रुंद करण्यासाठी ती बंद झाली. कालपर्यंत दारावरून जाणारी वस्तू आज जपून ठेवण्याची वस्तू झाली. संग्रहालय वेळीच उभे राहिले, हे मोठे भाग्य.

एखादे कुटुंब सुटीच्या दिवशी शिदोरी बांधून तेथे जाते, तेव्हा काय घडते? मुले प्रथम वाफेच्या इंजिनाकडे धावतात. आईवडील फलक वाचून दाखवितात. मुलांचे लक्ष फार वेळ टिकत नाही. एवढ्यात मागून सावकाश आलेले आजोबा जुन्या डब्यावर हात ठेवून म्हणतात, “अशाच गाडीने आम्ही सावनेरच्या बाजाराला जात होतो.” नातवंडे वळून पाहतात. गाडीत गर्दी किती असे, तिकीट कोठे मिळे, पावसाळ्यात काय होई, असे प्रश्नांमागून प्रश्न सुरू होतात. जे फलकाने साधले नाही, ते एका वाक्याने साधते.

यास्तव अशा सहलीस घरातील वृद्धांना आग्रहाने न्यावे. वस्तू काचेमागे दीर्घकाळ टिकते. ती वापरणारी माणसे मात्र एकेक करून आपल्यातून जात असतात. त्यांच्याबरोबर जाणारी माहिती कोणत्याही कपाटात पुन्हा सापडत नाही.

शिक्षकांनी मुलांच्या हाती शाळेतील एक फुटाची पट्टी द्यावी. अरुंद रुळांमध्ये अडीच पट्ट्या मावतात, रुंद मार्गात साडेपाच. एवढा फरक मुलांना कळला की पुढील प्रश्न ती आपणहून विचारतील. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून दोन्ही मार्ग जेथे मिळत, तेथे माल उतरवून पुन्हा भरावा लागे. वेळ व मजुरी दोन्ही वाढत. छोटी लाइन का गेली, याचे एक मोठे कारण मुलांना येथे समजते. विकासात काही मिळते, तसे काही सोडावेही लागते, हा विचार त्यांच्या मनात रुजतो.

सहल घरी परतल्यावर संपू नये. मुलांनी आजीआजोबांच्या आठवणी वहीत लिहून काढाव्यात. ग्रामपंचायतीने वाचनालयातील एक कपाट यासाठी मोकळे करून द्यावे. जुना कंदील, पायली, रेल्वेचे तिकीट, खाणकामगाराची टोपी असे जे मिळेल ते त्यात ठेवावे. प्रत्येक वस्तूजवळ ती कोणी, कशासाठी व कोणत्या काळात वापरली, याची चिठ्ठी असावी. चिठ्ठीवाचून वस्तू मुकी राहते.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासून उभे आहे. लोक त्यास प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतात. तेथील प्राचीन ठेवा मुलांनी अवश्य पाहावा. परंतु इतिहास आपल्या अंगणातूनही गेला होता, ही जाणीव मोतीबागेतील अडीच फुटांचे रूळ करून देतात. अशी जाणीव झालेले मूल पुढे आपल्या गावाची कोणतीही वस्तू सहजासहजी भंगारात जाऊ देणार नाही.