रक्तातील आकडा आणि मूत्रातील साक्ष
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी नाट्यसंगीत वा संतवाङ्मय सोडून पुरुषांच्या मूत्राशयाखाली दडलेल्या एका ग्रंथीविषयी बोलावे, हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. तरीही हा विषय आम्ही आग्रहाने निवडला. ज्या तरुणांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे केले, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. परप्रांतात आयुष्य काढलेला आपला माणूस तेथील भाषेत बाजारहाट करतो, कचेरी चालवितो. परंतु रात्रीतून चार वेळा उठावे लागते, हे डॉक्टरांना त्या भाषेत सांगताना मात्र त्याची जीभ अडखळते. गावाकडे फोनवर तर तो 'सर्व क्षेम' एवढेच सांगतो.

ही ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. आपल्या शास्त्रीय परिभाषेत पुरःस्थ ग्रंथी. वय वाढते तशी तीही वाढते, आणि ती वाढ बहुधा कर्करोगाची नसते. कर्करोग मात्र आरंभी बहुधा मुकाच असतो. त्याची खात्री करावयाची तर सुईने ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे काढावे लागतात. या बायॉप्सीत रक्तस्राव होतो, क्वचित जंतुसंसर्गही. तेव्हा सुई कोणाला टोचावी आणि कोणाला टोचू नये, हे रक्तावरून वा मूत्रावरून सांगता येईल काय, असा हा प्रश्न आहे.

१९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टी. मिंग चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्रंथीतील एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच आज सर्वांच्या तोंडी असलेले पीएसए. वीर्य पातळ करणे हे त्याचे निसर्गदत्त कार्य. त्याचा अत्यल्प अंश रक्तात झिरपतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ साली या तपासणीस मान्यता दिली, ती ज्यांचा रोग आधीच ठरला आहे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी. रोग शोधण्याच्या कामी तिला परवानगी मिळाली १९९४ साली. हा क्रम बोलका आहे. पीएसए हे ग्रंथीचे चिन्ह आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथी नुसती वाढली, तिला सूज आली, तरी आकडा चढतो. मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा. ४ ते १० यांच्या दरम्यान आकडा असलेल्यांपैकी सुमारे चौघांत एकाच्याच बायॉप्सीत कर्करोग सापडतो. उलट, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आकडा ४ च्या वर न गेलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्के पुरुषांत तो आढळला.

मग ही तपासणी निरर्थक का? तसे नाही. युरोपातील सुमारे १,६२,००० पुरुषांच्या पाहणीत, २००९ च्या अहवालानुसार, तपासणीस बोलाविलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांना तपासावे लागले, आणि अधिकच्या ४८ जणांवर उपचार करावे लागले. त्यांतील कित्येकांचा रोग इतका मंदगती असतो, की त्याने त्यांना जन्मभर त्रास दिला नसता. दीर्घ अवलोकनानंतर हे गणित बरेच सुधारले. तरी विनाकारण उपचारांची किंमत मूत्रावरील ताबा आणि पौरुष गमावून मोजलेली माणसे आहेतच.

येथे मूत्र साक्षीला येते. ग्रंथीच्या पेशी मूत्रात उतरतात. पीसीए३ नावाचे जनुक प्रोस्टेटच्या कर्कपेशींत फार मोठ्या प्रमाणात सक्रिय असते, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथीच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो, हा त्याचा मोठा गुण. त्यावरील मूत्रतपासणीस अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, तीही ज्यांची आधीची बायॉप्सी निर्दोष निघाली त्यांना पुन्हा टोचावे काय, एवढेच ठरविण्यासाठी. २००५ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना या कर्करोगात दोन जनुके तुटून एकमेकांस जोडली गेलेली आढळली. हा सांधाही मूत्रात ओळखता येतो. पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांतील खुणा वाचणारी तपासणी तर गुदमार्गे ग्रंथी न चेपताही होते.

यावर आमचे मत सांगतो. या तपासण्या कर्करोग सिद्ध करीत नाहीत. त्या काहींची सुई वाचवितात, एवढेच. त्यांची परिमाणे मुख्यतः पाश्चात्त्य पुरुषांवर बेतलेली आहेत. तो जनुकांचा सांधा पूर्व आशियातील रुग्णांत पुष्कळ कमी आढळतो. म्हणून तेथील मापे आपल्याकडे जशीच्या तशी लावणे आम्हांस पटत नाही. शिवाय त्या महाग आहेत, आणि आता बायॉप्सीपूर्वी एमआरआय काढण्याचाही प्रघात पडला आहे.

व्यवहारातील दोन गोष्टी. ग्रंथी लहान करण्यासाठी फिनास्टेराइड वा ड्युटास्टेराइड घेणाऱ्यांचा पीएसए काही महिन्यांत निम्म्यावर येतो. हे न सांगितल्यास चढलेला आकडाही निर्दोष भासतो. आणि वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. पुष्कळांना आपले वडील कशाने गेले हेच ठाऊक नसते. गावी राहिलेल्या काकांना, आत्यांना विचारावे लागेल.

सभेनंतर आम्ही वाचनालयाच्या खोलीत तासभर बसणार आहोत. ज्यांच्याजवळ अहवाल असतील त्यांनी ते आणावेत; तेथे मराठीतच बोलू.