वेळेचा जमाखर्च



समुद्रापासून शेंकडों मैल दूर, बुलढाण्यासारख्या डोंगरमाथ्यावरच्या गांवीं, जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलेल्या मास्तरानें ट्रायथलॉन या शर्यतीविषयीं कां बोलावें, असें आपल्यापैकीं पुष्कळांना वाटेल. त्याचें कारण माझा पुतण्या, आणि त्याच्यासाठीं मीं ठेवलेली हिशेबाची एक वही.

पोहणें, सायकल चालविणें व धांवणें या तीन गोष्टी एकामागून एक करावयाच्या, अशी ही शर्यत आहे. तिचा दीर्घ प्रकार १९७८ सालीं हवाई बेटांत सुरू झाला. त्या दिवशीं १५ जण निघाले व १२ जण शेवटास पोंचले. ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल व त्यावर ४२.२ किलोमीटर धांवणें, असा तिचा पल्ला. आपले मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं झूरिच येथें, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना, हा पल्ला १५ तास १९ मिनिटांत पुरा केला. निम्म्या अंतराची शर्यत २०१९ सालीं गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. या निम्म्या शर्यतीस साडेआठ तासांची मर्यादा असते.

माझा पुतण्या अशाच एका निम्म्या शर्यतीस उतरला व ८ तास ३६ मिनिटांनीं परतला. सहा मिनिटांसाठीं वर्षाची मेहनत वायां गेली. शेवटच्या टप्प्यांत त्याला भोंवळ येऊन दोनदां खालीं बसावें लागलें, हें अधिक वाईट. घरीं आल्यावर तो म्हणाला, "काका, सायकल बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं." त्या सायकलीसाठीं मुलीच्या शिक्षणाकरितां पोस्टांत ठेवलेली रक्कम मोडण्याचा त्याचा विचार होता. मीं म्हटलें, "अरे, आधीं वेळ कोठें खर्च झाला तें पाहूं, मग पैसा खर्च करूं."

वहींत आंकडे मांडले. पोहण्यास ५८ मिनिटें. कपडे बदलून सायकलीवर बसण्यास १४. सायकलीस ३ तास २४ मिनिटें. सायकल ठेवून धांवूं लागण्यास ९. आणि धांवण्यास ३ तास ५१ मिनिटें! हाच मुलगा घरीं एकवीस किलोमीटर सव्वादोन तासांत धांवत असे. रोग सायकलींत नव्हता, हें उघड झालें.

मग सायकलीचे दोन भाग केले. पहिले ४५ किलोमीटर १ तास ३३ मिनिटांत, दुसरे ४५ किलोमीटर १ तास ५१ मिनिटांत. आरंभीं तो भरधाव गेला होता. मीही रस्त्याच्या कडेला उभा राहून 'शाबास' म्हणून ओरडलों होतों. ती शाबासकी चुकीची होती. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, व त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ताशीं २४ किलोमीटरांचा वेग ३० केला, म्हणजे सव्वापट केला, तर वाऱ्यापुरती शक्ति जवळजवळ दुप्पट लागते. सकाळीं वाऱ्याला दिलेली ही शक्ति दुपारीं पायांस परत मिळत नाहीं.

पुढील वर्षीं आम्हीं क्रम ठरविला. आठवड्याचा बहुतेक व्यायाम इतका सावकाश, कीं सोबत्याशीं सहज बोलतां यावें. जोराचा व्यायाम फार तर दोनदां. रविवारीं मोताळ्याकडून राजूर घाट चढून यावयाचें व सायकल टेकवितांच अर्धा तास धांवावयाचें, म्हणजे जड झालेल्या पायांनीं धांवण्याची संवय लागते. उन्हाची संवय शरीरास दहा-चौदा दिवसांत बरीच होते, म्हणून शर्यतीपूर्वीं ती क्रमाक्रमानें करविली. शेवटचे दोन आठवडे श्रम निम्म्यावर आणले.

पोहणें तो लहानपणीं विहिरींत शिकलेला. मान सतत वर. पाणी हवेच्या सुमारें आठशें पट दाट. मान वर केली कीं पाय खालीं जातात व सारें अंग पाण्यास आडवें येतें. तोंड पाण्यांत ठेवून श्वास पाण्यांतच सोडावयाचा, एवढेंच शिकण्यास तीन महिने लागले.

घाम मोजण्याची युक्ति अगदीं सोपी आहे. तासभर धांवण्यापूर्वीं व नंतर, पाणी न पितां, अंग पुसून वजन करावें. एक किलो घटलें, तर साधारण एक लिटर घाम गेला. पण नुसतें पाणी ढोसणेंही घातक. रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें. म्हणून सायकलीवर दर तासास सुमारें साठ ग्रॅम साखर, लिंबू व मीठ घातलेलें सरबत थोडें थोडें घ्यावयाचें ठरलें.

साधनांचें म्हणाल, तर वाऱ्यास अडविण्यांत सायकलीपेक्षां वर बसलेल्या माणसाचा वांटा मोठा असतो. म्हणून सायकल जुनीच ठेवली. बैठकीची उंची बरोबर केली, हँडल खालीं घेतलें, त्यावर कोपरें टेकण्याचा दांडा बसविला, चांगले टायर घातले. तिन्ही टप्प्यांस चालेल असा एकच घट्ट पोशाख व बुटांस ताणणारी नाडी घेतली. अंग तरंगतें ठेवणारा रबरी पोशाख घेतला नाहीं, कारण उबदार पाण्यांत तो वापरूं देत नाहींत. पोस्टांतील ठेवीस हात लागला नाहीं.

दुसऱ्या शर्यतीचा हिशेब असा: पोहणें ४९ मिनिटें, पहिला बदल ७, सायकल ३ तास २० मिनिटें, दोन्ही भाग सारखे, दुसरा बदल ५, धांवणें २ तास ४२ मिनिटें. एकूण ७ तास ३ मिनिटें. वांचलेल्या ९३ मिनिटांपैकीं सायकलीवर चारच वांचलीं, आणि धांवण्यांत एकोणसत्तर! आरंभीं जेथें त्यानें आपणहून हात आंखडला, तेथलें फळ त्याला शेवटीं मिळालें. अर्थात् प्रत्येकाची वही निराळी. अगोदर डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हें सांगणें माझें कर्तव्य आहे.

शर्यत संपल्यावर तो खालीं बसला नाहीं. चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, वही आणली आहे ना?" पेन्सिल माझ्या हातांतच होती.