न्यायमूर्ती जोनाथन जॅस्पर राइट

न्यायाधीशाची कीर्ती त्याच्या निकालपत्रांवर अवलंबून असते असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्या समाजाला न्यायालयाची पायरी चढण्याचा अधिकारही काल-परवापर्यंत नव्हता, त्या समाजातील पहिला मनुष्य जेव्हा न्यायासनावर बसतो, तेव्हा त्याचे तेथे असणे हाच एक निकाल ठरतो. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील न्यायमूर्ती जोनाथन जॅस्पर राइट यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील कोणत्याही घटकराज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश होत.

राइट यांचा जन्म 1840 साली उत्तरेकडील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. तेथे गुलामगिरी जवळजवळ नामशेष झाली होती. वर्णभेद मात्र होता तसाच होता. शेतकरी कुटुंबातील या मुलाने न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे शिक्षण घेतले, शाळामास्तरकी केली आणि वकिलांच्या कचेरीत बसून कायद्याचा अभ्यास केला. अभ्यास पुरा झाला. पण परीक्षा घेणाऱ्या मंडळींनी त्यांची परीक्षाच घेण्याचे नाकारले. ज्ञान अपुरे म्हणून नव्हे, तर वर्ण काळा म्हणून! पुढे 1866 साली नागरी हक्कांचा कायदा झाला, तेव्हा हीच दारे उघडली आणि राइट पेनसिल्व्हेनियातील पहिले कृष्णवर्णीय वकील म्हणून सनद घेऊन बाहेर पडले.

मधल्या काळात यादवी युद्ध संपले होते. चाळीस लाखांच्या आसपास गुलाम मुक्त झाले होते. पण मुक्ती म्हणजे काय, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. राइट 1865 साली एका मिशनरी संस्थेतर्फे दक्षिण कॅरोलायनातील ब्यूफर्ट येथे मुक्त गुलामांना शिकविण्यासाठी गेले होते. सनद मिळाल्यावर ते पुन्हा तेथेच आले आणि मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्यात कायदेविषयक सल्लागार झाले. मजुरीचा करार वाचता न येणाऱ्या, पण त्यावर अंगठा उठविण्यास भाग पडलेल्या माणसाला त्या कराराचा अर्थ समजावून सांगणे, हे त्यांचे नित्याचे काम झाले.

1868 साली चार्ल्सटन येथे राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी परिषद भरली. तिच्यात बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते. राइट या परिषदेचे एक उपाध्यक्ष होते, आणि न्यायव्यवस्थेसंबंधीच्या कलमांच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. मोफत सार्वजनिक शिक्षणाची तरतूद हे या घटनेचे एक चिरस्मरणीय अंग होय. त्याच वर्षी ब्यूफर्टच्या मतदारांनी त्यांना राज्याच्या सिनेटमध्ये पाठविले. 1870 च्या फेब्रुवारीत, वयाची तिशी पुरी होण्यापूर्वीच, विधिमंडळाने त्यांची सर्वोच्च न्यायालयावर निवड केली. जे न्यायालय घटनेच्या कलमांतून उभे राहताना त्यांनी पाहिले होते, त्याच न्यायालयात ते तीन न्यायाधीशांपैकी एक म्हणून बसले.

योगायोगाची गोष्ट अशी की, राइट न्यायासनावर असतानाच, 1873 साली, इकडे पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि फुल्यांनी तो निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्ततेचे एक प्रत्यक्ष फळ त्या वेळी कोलंबिया शहरात न्यायदान करीत होते.

पण त्या फळावर लवकरच वादळ आले. 1876 च्या निवडणुकीत गोऱ्या पुराणमतवाद्यांचे नेते वेड हॅम्प्टन आणि विद्यमान गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन या दोघांनीही विजयाचा दावा केला. एका राज्याला दोन गव्हर्नर झाले! हॅम्प्टन यांनी एका कैद्याला माफी दिली. ती माफी खरी की खोटी, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. म्हणजे खरा गव्हर्नर कोण, याचाच निर्णय व्हावयाचा होता. मुख्य न्यायाधीश आजारी होते. फेब्रुवारी 1877 च्या अखेरीस राइट यांनी सहकाऱ्याबरोबर कैद्याच्या सुटकेच्या हुकुमावर सही केली. आणि दोनच दिवसांनी ती सही मागे घेऊन उलट मत नोंदविले.

या कृतीचा अर्थ कसा लावावयाचा? मन दुबळे पडले, असे काहींना वाटेल. पण शहरात सशस्त्र टोळ्या वावरत होत्या आणि दोन्ही पक्षांचे दडपण एकाच माणसाच्या लेखणीवर येऊन पडले होते, हे विसरून चालणार नाही. भीतीने केलेली सही मागे घेण्यास सही करण्याहून अधिक धैर्य लागते, असेही म्हणता येईल. हुकूम मात्र टिकला. एप्रिलमध्ये संघराज्याचे सैन्य राजभवनातून निघून गेले आणि हॅम्प्टन यांचे राज्य सुरू झाले.

नव्या सत्ताधाऱ्यांनी राइट यांच्यावर मद्यपानाचा आरोप ठेवून महाभियोगाची तयारी चालविली. ज्या सभागृहात निकाल आधीच ठरलेला होता, तेथे बचाव करून काय साधणार? 1877 साली त्यांनी राजीनामा दिला. उरलेली वर्षे चार्ल्सटनमध्ये वकिली करण्यात आणि कृष्णवर्णीय तरुणांना कायदा शिकविण्यात गेली. 1885 साली क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्यांनी रिकामे केलेल्या त्या न्यायालयात दुसरा कृष्णवर्णीय न्यायाधीश बसला तो 1985 साली. अर्नेस्ट फिनी हे त्यांचे नाव. पुढे 1994 साली ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले. राइट आणि फिनी यांच्यामध्ये शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. कायद्याने उघडलेले दार माणसे पुन्हा बंद करू शकतात, हे या अंतरावरून दिसते. आणि एकदा कोणी आत जाऊन आला की ते दार नव्हतेच असे कोणाला म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे.