राज्याचा शिक्का आणि राज्याचं दप्तर



 आज पदवी घेणारी, कायदा आणि लोकप्रशासन शिकलेली मुलं भेटणार म्हटल्यावर मी इथे बोलायला लगेच हो म्हटलं. माझी सगळी नोकरी गोव्याच्या महसूल खात्यात झाली, तेव्हा बोलणार ते तिथलंच.

३० मे १९८७ रोजी गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं. तुम्ही हे उत्तरपत्रिकेत लिहिलं असेल. आम्ही ते कचेरीत अनुभवलं. नवे शिक्के आले नव्हते, नवा छापील कागद नव्हता. जुन्या कागदावर ‘गोवा, दमण आणि दीव’ असं छापलेलं. त्यातलं ‘दमण आणि दीव’ पट्टी लावून शाईनं खोडायचं आणि मग साहेबांपुढे सहीला ठेवायचं. शेजारच्या खोलीत कपाटं उघडून फायलींच्या चळती लावणं चाललं होतं. ही आपली, ही दमणची, ही दोघांची, हिचं काय करायचं? त्याच कपाटांपाशी माझे दमणचे सहकारीही उभे होते. कोण इथे राहणार आणि कोण तिकडे जाणार, याची यादी अजून लागायची होती. दमण-दीव केंद्रशासितच राहिलं आणि २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीला जोडलं गेलं. गोवा राज्य झालं म्हणून फटाके वाजले, त्यात ही माणसं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. म्हणून आज मुद्दाम त्यांची आठवण काढतो.

पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यानंतर राज्य व्हायला पंचवीस वर्षं का लागली, असं मला तरुण विचारतात. दिल्लीकडे बोट दाखवणं सोपं आहे आणि त्यात तथ्यही आहे. १९६३ च्या कायद्यानं आम्हाला तीस आमदारांची विधानसभा मिळाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पण अंदाजपत्रक मांडायचं तर आधी राष्ट्रपतींची मंजुरी, म्हणजे दिल्लीतल्या टेबलांवरून फाईल फिरून येणं. नायब राज्यपालांचं आणि मंत्र्यांचं जमलं नाही, तर तोही निवाडा दिल्लीत. पुदुच्चेरी आजही त्याच कायद्याखाली आहे. तिथली विधानसभा राज्याच्या दर्जासाठी ठराव करत आली आहे.

पण आमचं आमच्यातच ठरत नव्हतं, हेही खरं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हताच. आमच्या घरात फूलही होतं आणि दोन पानंही होती. कौल लागल्यावर बरेच दिवस जेवताना कोणी राजकारण काढत नसे. पुढे राजभाषेचा प्रश्न पेटला. रस्ते अडवले गेले, माणसं जिवानिशी गेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही जागा मिळाली, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत राज्य आलं. मी मराठीत शिकलो, घरी कोंकणी बोललो. त्या दिवसांत मला दोन्हीकडचे लोक विचारत, तुम्ही कोणाचे? प्रश्न दुखायचा.

राज्य आलं. पण ते कोणापर्यंत पोचलं, हे कळावं म्हणून एक प्रकरण सांगतो.

१९७५ चा मुंडकार कायदा तुम्ही वाचला असेल. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. राज्य होऊन काही वर्षं लोटली होती. एका म्हाताऱ्या बाईचं अपील वरच्या अधिकाऱ्यापुढे आलं. अधिकारी हुशार, स्वच्छ हाताचे, पण दूरच्या प्रांतातले, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी विचारलं, “भाड्याच्या पावत्या कुठे आहेत?” बाई गप्प. मुंडकार घराचं भाडं देत नाही. माडांची राखण करतो, भाटकाराच्या हाकेला जातो. तिच्या नवऱ्यानं जन्मभर तेच केलं होतं. तिनं पदराखालून पिशवी काढली, त्यात घरपट्टीच्या चिठ्ठ्या आणि एक पोर्तुगीज कागद. तो कागद त्या खोलीत कोणालाच वाचता येईना. तारीख पडली. पुढच्या तारखेच्या आत साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही, व्यवस्थेचा आहे. राज्य होऊन इतकी वर्षं झाली, तरी गोव्याला स्वतःचं आयएएस केडर नाही. अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबरच्या संयुक्त केडरमधून माणसं येतात, कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, काय असते हे समजू लागेपर्यंत दिल्लीला नाहीतर अंदमानला जातात. आणि इथल्या मातीतला अधिकारी, ज्याला गावकरी, मुंडकार, कूळ हे सगळं आजीच्या तोंडून कळलेलं असतं, तो त्यांना टिपणं लिहून देत निवृत्त होतो. मी अशी टिपणं खूप लिहिली. त्यावर सही दुसऱ्याची असे.

म्हणून तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा करीन. दप्तर वाचायला शिका. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. तिथे, मामलेदार कचेऱ्यांत आणि कोमुनिदादींच्या कपाटांत या भूमीचे हक्क पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवलेले आहेत. ते वाचणारी माझ्या पिढीची माणसं आता थोडी उरली. ती गेली की कागद राहतील आणि ज्याला वाचणारा पदरी ठेवणं परवडतं, तो सांगेल तोच त्यांचा अर्थ ठरेल. एवढ्याशा प्रदेशात जमिनीला सोन्याचा भाव आलेला असताना हे फार धोक्याचं आहे. विधानसभा चाळीस आमदारांची झाली, जिल्हे दोन झाले, राज्यपाल आले. पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यामागचा जुना कागद वाचायला बाहेरचा माणूस भाड्यानं आणावा लागला, तर सुनावणीला उभ्या असलेल्या त्या बाईला राज्य कुठे मिळालं?

मुंडकारांची प्रकरणं आजही कचेऱ्यांत पडून आहेत. तुमच्यातले काही जण नागरी सेवेच्या परीक्षेला बसतील, काही वकिली करतील. त्याआधी एक वर्ष पोर्तुगीज शिका, अक्षर लावायला शिका. ज्यांना जुनी लिखावट वाचून बघायची असेल त्यांनी माझ्या घरी या. माझ्याजवळ नमुन्याच्या नकला आहेत, आणि सकाळी दहापासून मी मोकळाच असतो.