ठेका कोणाचा?

हेडफोन लावलेत ना? आधी नुसत्या टाळ्या ऐका.

(टाळ्यांचा ठेका)

ओळखलं? शॉन पॉलचं 'गेट बिझी'. 2003 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर होतं. आता वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' लावून बघा. ठेका तोच! चोरी नाही बरं का. जमैकात डान्सहॉलची पद्धतच अशी. आधी ठेका आणि बेस बनतो, त्याला म्हणतात 'रिडिम'. मग एकेक गायक त्याच्यावर आपले शब्द, आपली चाल घेऊन येतो. हा रिडिम बनवला स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने. आणि नाव काय, तर 'दिवाली'! 2002 मध्ये ग्रीनस्लीव्हज कंपनीने याच एका रिडिमवरच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला. गायक वेगवेगळे, अल्बमला नाव मात्र ठेक्याचं.

हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. अरे, हे तर आपल्या नंदुरबारचं लग्न! नवापूर, अक्कलकुव्याकडे टिमली, रोडाली सुरू झाली की गाणी बदलतात, गायक बदलतात, ठेका चालूच. नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत.

माझा मामेभाऊ बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. त्याने बांधलेला एक ठेका पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरला. त्याला आनंदच होता. मग त्याने स्वतःचा व्हिडिओ टाकला, आणि त्याच्यावर कोणीतरी कॉपीराइटचा दावा ठोकला. फोनवर म्हणाला, "दादा, माझंच मी चोरलं म्हणे."

यात मशीन काय करतं? कोणत्या क्षणी कोणती फ्रिक्वेन्सी जोरात आहे, यावरून आवाजाचा ठसा काढतं आणि आधी नोंदवलेल्या ठशांशी जुळवतं. आधी कोणी नोंदवलं ते त्याला कळतं. आधी कोणी बनवलं ते नाही. भावाची मूळ फाइल खराब झालेल्या मेमरी कार्डात गेलेली. दावा तसाच राहिला.

जमैकातही वाद होतात. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या 1989 च्या 'फिश मार्केट' रिडिमवरून 2021 मध्ये अमेरिकेत रेगेटॉनवाल्यांवर दावा दाखल झाला. पण त्या ठेक्याला नाव होतं, बनवणाऱ्यांची नावं लागलेली होती, म्हणून तीस वर्षांनीही कोर्टात उभं राहता आलं. आपल्याकडे व्हिडिओवर गायकाचं नाव असतं, बँडचं असतं, शूटिंगवाल्याचा मोबाइल नंबरसुद्धा असतो. ठेकेवाला कुठेच नसतो.

ठेका वाटायला ना नाही. वाटला म्हणूनच तो जगतो. पण त्याला नाव द्या. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि दुसऱ्याचा ठेका घेतलात तर व्हिडिओखाली एक ओळ लिहा: ठेका अमक्याचा. फुकटचं काम आहे.

भावाने नवीन ठेका बांधलाय. नाव ठेवलंय 'अस्तंबा'. म्हटलं, हेच का? तर म्हणाला, "त्यांचा 'दिवाली' ना? मग आपली दिवाळीची यात्रा अस्तंब्याचीच."

चला, आता तोच ऐकूया. ठेका माझ्या भावाचा.