मेंदूतील गाठ आणि तिचा रक्तपुरवठा

मेंदूतील गाठीला वाढायचे तर रक्त लागते. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाण्यासाठी गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या उभ्या कराव्या लागतात, हा विचार अमेरिकन शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीत तो ठळकपणे प्रत्ययास येतो. तिच्यात नव्या केशवाहिन्यांचे दाट जाळे पसरते. पण या वाहिन्या वेड्यावाकड्या, मध्येच फुगलेल्या आणि पाझरणाऱ्या असतात.

नेहमीच्या एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिले की अशी गाठ पांढरी उजळते. हा उजळपणा वाहिन्यांच्या भिंती पाझरत असल्याचे सांगतो. तिथे रक्त किती खेळते, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी परफ्यूजन एमआरआय करतात.

तिच्या सर्वाधिक रूढ पद्धतीत तेच औषध यंत्राद्वारे वेगाने टोचतात आणि दर दीड-दोन सेकंदांनी मेंदूच्या प्रतिमा घेत राहतात. वाहिन्यांतून जाताना औषध भोवतीचे चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटते. त्यामुळे एमआरआयचा संदेश काही सेकंद घसरतो आणि पुन्हा वर येतो. रक्त जितके जास्त, तितकी घसरण खोल. त्यावरून गाठीतील रक्ताचे प्रमाण काढून मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी भागाशी ताडून पाहतात. औषध वाहिनीबाहेर पाझरले तर हे गणित चुकते, म्हणून तशी दुरुस्ती आधीच करावी लागते.

रक्ताचे प्रमाण जास्त, म्हणजे गाठ आक्रमक, असा सर्वसाधारण कल दिसतो. पण त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ही गाठ सौम्य प्रतीची असतानाही रक्ताने भरलेली दिसू शकते. उलट लिम्फोमा औषधाने लख्ख उजळतो, तरी त्यातील रक्त बहुधा बेताचेच असते. गाठीची जात ठरवायला ऊतीचा तुकडाच तपासावा लागतो.

परफ्यूजन एमआरआयची खरी किंमत कळते ती उपचारानंतर. रेडिएशन झाल्यावर काही महिन्यांनी प्रतिमेत नवा उजळ डाग दिसतो आणि रुग्णाच्या घरचे हादरून जातात. तो डाग परतलेल्या गाठीचा असू शकतो, किंवा रेडिएशनने इजा झालेल्या ऊतीचा. नेहमीच्या प्रतिमेत दोन्ही सारखेच दिसतात. परतलेल्या गाठीत रक्ताचे प्रमाण वाढलेले असते, इजा झालेल्या ऊतीत ते सहसा कमी असते. पुन्हा शस्त्रक्रिया करायची, औषध बदलायचे की थांबून पाहायचे, या निर्णयाला त्यामुळे मोठा आधार मिळतो. अर्थात, एकाच डागात दोन्ही मिसळलेले असतील तर निदान अवघडच राहते.

गॅडोलिनियमशिवायही रक्तप्रवाह मोजता येतो. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्याच्या अणुकेंद्रकांवर चुंबकीय खूण करतात आणि ते रक्त मेंदूत पोहोचल्यावर प्रतिमा घेतात. लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वारंवार तपासणी लागणाऱ्यांना ही पद्धत सोयीची पडते. मात्र तिचा संदेश क्षीण असल्यामुळे अनेक प्रतिमांची सरासरी काढावी लागते आणि रुग्णाला काही मिनिटे डोके अजिबात न हलवता पडून राहावे लागते.