रुग्णसेवेतील सहकार्य आणि नेतृत्वाची कसोटी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त खामगाव येथे दिलेले भाषण)



संस्थेची पन्नाशी हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती शिबिरे झाली, किती देणग्या आल्या, किती खोल्या बांधल्या गेल्या, याची नोंद इतिवृत्तात असते. परंतु दोन संस्थांच्या मधल्या वाटेवर किती रुग्ण हरवले, याची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरी नसते. रुग्णसेवेतील नेतृत्वाचा विचार त्या कोऱ्या पानापासूनच सुरू करावा लागतो.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या गावी कमी वजनाचे बाळ जन्मले, अशी कल्पना करावी. त्याला प्रथम आशाताई पाहते. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग खामगावचे शासकीय रुग्णालय आणि गरज पडल्यास अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णवाहिका एका संस्थेची, औषधांचा खर्च दुसऱ्या ट्रस्टचा, नातेवाइकांच्या जेवणाची सोय तिसऱ्याच मंडळाची. प्रत्येक जण आपापले काम मनापासून करतो. तरीही आधी कोणते इंजेक्शन दिले, हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही. बाळ घरी परतले, हे आशाताईला कोणी कळवत नाही. प्रत्येकाचे कर्तव्य पूर्ण होते आणि बाळ मात्र धोक्यातच राहते. संस्थांच्या सीमा कागदावर असतात. त्या मातेच्या लेखी ही सारी एकच व्यवस्था असते.

या सीमा ओलांडण्याचे एक उदाहरण विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून तेथे कार्यरत आहे. ज्या गावांतून रुग्णालय दूर होते आणि नवजात बालके घरातच दगावत होती, तेथे उपचारच घरी नेण्याचे ठरले. ३९ गावांतील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून ठरलेले औषध व इंजेक्शन देणे ही कामे गावातल्या बाया शिकल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एवढ्यावर एका संस्थेची कीर्ती अजरामर झाली असती. परंतु खऱ्या नेतृत्वाची कसोटी त्यानंतरच लागली.

महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी आपापल्या भागातील जन्म-मृत्यू एकाच पद्धतीने मोजले. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी दप्तरात न पोहोचलेले कितीतरी बालमृत्यू त्यामुळे समाजासमोर आले. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. एकट्या संस्थेने हे आकडे मांडले असते, तर ती एका जिल्ह्याची तक्रार ठरली असती. तेरा संस्थांनी एकाच मापाने मोजल्यामुळे तो राज्याचा प्रश्न झाला. सहकार्याची पहिली पायरी निधी नसून समान मोजमाप आहे, हा त्यातील पहिला धडा.

दुसरा धडा ‘अंकुर’ प्रकल्पाचा. २००१ ते २००५ या काळात गडचिरोलीची ही पद्धत राज्यातील सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत राबवली. गावे त्यांची, कार्यकर्त्या त्यांच्या, लोकांशी असलेले नातेही त्यांचेच. ‘सर्च’ने दिले ते प्रशिक्षण आणि कार्यपद्धती. तेथेही नवजात मृत्युदर निम्म्याच्या आसपास खाली आला. जे ज्ञान एका संस्थेची ओळख बनले होते, ते दुसऱ्यांच्या हाती सोपवण्यासाठी मोठे मन लागते. आणि दुसऱ्याने घडवलेली पद्धत मान खाली न घालता स्वीकारण्यासाठीही तेवढेच मोठे मन लागते. या दुसऱ्या मनाचे कौतुक सहसा होत नाही.

२०११ मध्ये भारत सरकारने हीच कल्पना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी आणि घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरल्या. आज खामगाव तालुक्यातील आशाताई बाळंतिणीच्या दारी जाते, तेव्हा गडचिरोलीचे नाव तिला ठाऊक असेलच असे नाही. नाव विरघळले आणि काम उरले, हीच त्या नेतृत्वाची पावती होय.

पल्स पोलिओची मोहीमही याच गोष्टीची साक्ष देते. शासनाने लस आणि कर्मचारी दिले, जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णशोधाची व्यवस्था बसवली, युनिसेफने लोकजागृती सांभाळली, रोटरीने निधी आणि स्वयंसेवक उभे केले. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील बालिकेत देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. बालकाच्या बोटावरची शाई पाहिली जाई. थेंब कोणी पाजले, हे कोणी विचारत नसे.

जैन परंपरेने वैयावृत्त्याला, म्हणजे सेवेला, तपाचे स्थान दिले आहे. आणि त्याची गणना बाह्य तपात नसून आभ्यंतर तपात केली आहे. जी सेवा आतून घडते तिला फलकाची आवश्यकता नसते, हा बोध त्यातून घ्यावा.

खामगावपुरते बोलायचे, तर फार मोठ्या योजनेची गरज नाही. शासकीय रुग्णालय, खासगी डॉक्टर, धर्मादाय ट्रस्ट आणि आशा कार्यकर्त्या यांचे प्रतिनिधी महिन्यातून एकदा एकत्र बसावेत. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची एक समान चिठ्ठी असावी. रुग्ण पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्यानेच दूरध्वनी करून विचारावे. एका ट्रस्टकडे असलेले यंत्र दुसऱ्याने पुन्हा विकत घेऊ नये. वाचलेल्या पैशांतून ते चालवणारा तंत्रज्ञ नेमावा. बैठकीचे अध्यक्षपद आलटून पालटून सर्वांकडे जावे. आणि महिन्याभरात एखादे बाळ दगावले असेल, तर दोष कोणाचा हे न विचारता, साखळी कोठे तुटली एवढेच विचारावे.

सर्वांच्या पुढे चालतो तो नेता, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रुग्णसेवेत मात्र दोन संस्थांच्या मधली रिकामी जागा जो आपली मानतो, तोच नेता. सुवर्णमहोत्सवाच्या इतिवृत्तात त्याचे नाव कदाचित येणार नाही. पण पायथ्याच्या त्या गावातील बाळ खामगावमार्गे अकोल्याला जाऊन सुखरूप घरी परतेल आणि दुसऱ्याच दिवशी आशाताई त्याच्या दारात उभी असेल.

या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत त्या कोऱ्या पानावर अशा परतलेल्या बाळांची नोंद होत राहो, हीच मंगल कामना.